जुन्या गाडीचा ऑइल प्रेशरचा काटा खाली बसतो: इंजिन खोलायच्या आधी काय पाहायचं

सकाळी सेल्फ मारला की काटा टोकाला जातो. वीस किलोमीटर झाल्यावर गाडी थांब्यावर उभी राहते आणि तोच काटा शून्याजवळ येऊन बसतो. रेस दिली की वर, पाय काढला की खाली. कमांडर, मार्शल, जुनी सुमो, अॅम्बेसेडर, पद्मिनी अशा ज्या गाड्या आपल्याकडे अजून धावतात, त्यांची ही तक्रार दर उन्हाळ्यात नव्याने येते. बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेलं असतं: "मेटल गेले, इंजिन बांधा."

मेटल (क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा, ज्यांवर फिरतो त्या बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या) खरंच गेलेले असू शकतात. पण काटा खोटं बोलत असेल, तेलात डिझेल उतरलं असेल किंवा रिलीफ व्हॉल्व्हमध्ये (जादा प्रेशर सोडून देणाऱ्या झडपेत) कचरा अडकला असेल, तरी काटा असाच बसतो. कापसाचा पैसा हाती आला आणि थेट फुल इंजिनला गेला, आणि नंतर कळलं की दोष एका वायरचा होता, हे कोणाच्याच बाबतीत होऊ नये. म्हणून तपासणीचा क्रम खर्चाप्रमाणे लावा: आधी काटा, मग तेल, मग बाहेरून खोलता येतात ते भाग, आणि इंजिन सगळ्यात शेवटी.

याला एकच अपवाद. चालत्या गाडीत काटा एकदम शून्यावर पडला किंवा लाल बल्ब लागला, तर पुढच्या गावापर्यंत जायचं नाही. तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा. खाली वाकून बघा: कच्च्या सडकेवरच्या दगडाने ऑइल चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) फुटलं का, चेंबरचा नट गळला का, फिल्टरचं रबर बाहेर आलं का, प्रेशर युनिटमधून (ब्लॉकवर बसणारा, काट्याला वायरने प्रेशर कळवणारा भाग) तेल उडतंय का. ऑइल पट्टीवर तेल पूर्ण आहे आणि कुठे गळतीही नाही, तर गाडी दोर बांधून आणा. प्रेशर नसताना दोन-तीन मिनिटं चाललेलं इंजिनही क्रँक खाऊन टाकू शकतं.

किती प्रेशर म्हणजे बरोबर

तुमच्या गाडीच्या पुस्तकातला आकडा अंतिम. पुस्तक नसेल तर जुन्या चार सिलिंडर इंजिनांना चालणारा ढोबळ हिशेब असा: इंजिन पूर्ण तापल्यावर दर १००० आरपीएमला (मिनिटाला १००० फेरे) साधारण १० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), म्हणजे ०.७ किलो (दर चौरस सेंटिमीटरला). त्यानुसार गरम आयडलिंगला (पाय काढून इंजिन नुसतं फिरताना) ०.७ ते १ किलो, २००० ला दीड ते अडीच किलो, ३००० ला दोन ते चार. मीटर कधी किलोत असतो, कधी पीएसआयमध्ये. १ किलो म्हणजे १४.२ पीएसआय.

गार इंजिनात ४-५ किलो दिसणं दोष नाही. डिसेंबरात पहाटे पारा ८-१० अंशांवर असतो, तेव्हा घट्ट तेलाला बेअरिंगच्या फटीतून जायला जोर लागतो, म्हणून काटा वर असतो. त्या वेळी रेस देऊ नका, एवढंच. आणि गरम आयडलिंगला काटा अर्ध्या किलोवर आहे, पण रेस दिल्याबरोबर दोनच्या वर जातो, तर ते इंजिन म्हातारं झालंय, मेलेलं नाही. आधी आयडलिंगच पाहून घ्या. डिझेल गाडी ५५०-६०० वर घरघरत असेल तर प्रेशर कमीच दिसणार. आयडलिंग कंपनीने दिलेल्या आकड्यावर आणा, मग बोला.

काटा खरा की खोटा

पहिली चाचणी फुकट आहे. इंजिन बंद ठेवा, फक्त चावी ऑन करा. इंजिन फिरत नाही, म्हणजे प्रेशर शून्यच. तरीही काटा टोकाला किंवा मध्ये उभा असेल, तर दोष काटा, युनिट किंवा वायरचा आहे, इंजिनाचा नाही.

विजेच्या मीटरांमध्ये दोन जाती चालतात आणि घोटाळा इथूनच सुरू होतो. एका जातीच्या युनिटचा रोध प्रेशर शून्य असताना १० ओहम असतो आणि प्रेशर वाढेल तसा १८० च्या आसपास जातो. दुसऱ्या जातीत उलटं: शून्याला २४०, पूर्ण प्रेशरला ३३. पहिल्या जातीत वायर तुटली की काटा पूर्ण वर जातो, दुसऱ्या जातीत तुटली की शून्यावर पडतो. गाडी गोठ्याशेजारी उभी असते, उंदीर वायर कुरतडतात. मग एका गाडीत "प्रेशर फार वाढलं" म्हणून ओरड होते आणि दुसरीत "प्रेशर गेलं" म्हणून. कारण दोन्हीकडे एकच.

चावी ऑन, इंजिन बंद असताना युनिटवरची वायर काढा आणि काटा कुठे जातो ते बघा. मग त्या वायरचं टोक ब्लॉकच्या उघड्या लोखंडाला एक-दोन सेकंदच टेकवा. काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, तर मीटर आणि वायर दोन्ही ठीक, संशय युनिटवर. काटा हललाच नाही, तर मीटर, फ्यूज किंवा वायर. ऑइलबरोबर टेंपरेचर आणि डिझेलचा काटाही वेडावाकडा दाखवत असेल, किंवा हेडलाइट लावल्यावर काटा सरकत असेल, तर डॅशबोर्डमागची अर्थ वायर घासून घट्ट करा.

आता युनिट. मल्टिमीटरचं एक टोक युनिटच्या पिनवर, दुसरं ब्लॉकवर ठेवून इंजिन बंद असताना ओहम मोजा. १० च्या जवळ आला तर पहिली जात, २४० च्या जवळ आला तर दुसरी. मीटर एका जातीचा आणि युनिट दुसऱ्या जातीचं लागलं, की इंजिन बंद असताना काटा टोकाला उभा राहतो. दुकानात "जीपचं ऑइल युनिट द्या" म्हटलं की समोर जे असेल ते मिळतं. म्हणून जुनं युनिट सोबत न्या आणि काउंटरवरच ओहम मोजून घ्या.

आट्यांचंही तसंच. १/८ इंच बीएसपी, १/८ इंच एनपीटी आणि १० मिलिमीटरचा बारीक आटा, हे तिन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. चुकीचं युनिट हाताने दोन आटे जातं आणि अडकतं. तिथे पाना लावून जोर केला तर ब्लॉकचे आटे जातात. दोन-तीन आट्यांनंतर अडकलं की थांबा, ते त्या गाडीचं नाही. एक पिनचं युनिट अर्थ घेतं ते आट्यातूनच, त्यामुळे त्यावर पांढऱ्या टेफलॉन टेपचे चार वेढे गुंडाळले की अर्थ तुटतो आणि रीडिंग बिघडतं.

काढलेलं युनिट उलटं धरून तोंडाकडून बघा. मधोमध टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं. जुन्या गाडीत ते डांबरासारख्या काळ्या थराने बुजलेलं सापडतं. अशा गाडीत काटा उशिरा वर येतो आणि इंजिन बंद केल्यावरही दहा-पंधरा सेकंद वरच राहतो. कार्ब्युरेटर क्लीनरने भोक मोकळं झालं तर ठीक, नाहीतर नवं युनिट टाका.

हातातला मीटर लावल्याशिवाय निकाल नाही

० ते १० किलोचा साधा यांत्रिक प्रेशर मीटर, तेल आणि उष्णता सहन करणारी नळी, आणि तुमच्या आट्याचा एक जोड, एवढंच लागतं. युनिट काढून त्याच जागी हा जोड बसवा. नळी एक्झॉस्टपासून आणि फॅनपासून लांब बांधा. नळी सुटली तर गरम तेलाचा फवारा उडेल, हे विसरू नका.

गाडी उभ्याउभ्या तापवू नका. वीस-पंचवीस मिनिटं सडकेवर चालवून आणा. उभ्या गाडीत पाणी तापतं, पण तेल त्याच्या मागे राहतं. मग चार गोष्टी कागदावर लिहा: गरम आयडलिंग, २००० आरपीएम, ३००० आरपीएम, आणि दुसऱ्या दिवशी गार इंजिनात सेल्फ मारल्यापासून प्रेशर यायला लागलेले सेकंद. ३ ते ५ सेकंद ठीक. त्याच्या वर लागत असतील तर फिल्टरमधलं तेल रात्री खाली उतरतंय: फिल्टरमधला तेल धरून ठेवणारा रबरी पडदा खराब आहे किंवा स्वस्त फिल्टरमध्ये तो नाहीच. चांगला फिल्टर टाका. तो उभा बसत असेल तर आधी त्यात तेल भरून लावा.

हे आकडे एकमेकांशेजारी ठेवले की दोष बोलायला लागतो. हातातला मीटर बरोबर आणि डॅशबोर्डचा कमी, तर इंजिनाला हात लावायचा नाही. आयडलिंगला कमी पण २००० ला चांगलं, तर तेल पातळ झालंय किंवा मेटल घासू लागलेत. रेस देऊनही काटा वाढत नाही, एकाच जागी रखडतो, तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकलाय किंवा पंप खलास. २००० पर्यंत वाढतं आणि ३००० ला उलट पडतं, तर चेंबरमधली जाळी तुंबली आहे. पंप मागतोय तेवढं तेल जाळीतून येत नाही. परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात चढताना किंवा वळणावरच काटा पडतो आणि सपाटीवर ठीक राहतो, तर तेलाची पातळी आणि सक्शन पाइप (चेंबरमधून पंपाकडे तेल नेणारी नळी) बघा. आणि गरम इंजिनात ६-७ किलोच्या वर दिसत असेल, तर रिलीफ व्हॉल्व्ह बंद अवस्थेत जाम आहे. अशा गाडीचं फिल्टरचं रबर एक दिवस बाहेर फेकलं जातं आणि तेल मिनिटभरात रस्त्यावर येतं.

तेल

सपाट जागा, इंजिन बंद करून दहा मिनिटं, मग ऑइल पट्टी. खालच्या आणि वरच्या खुणेत बहुतेक गाड्यांत साधारण एक लिटरचा फरक असतो. तेल कमी असणं वाईट, हे सगळ्यांना माहीत आहे. वरच्या खुणेच्या पुढे भरणंही वाईट, हे फार थोडे मानतात. जास्त तेलाला क्रँक फटके मारते, फेस होतो, पंप तेलाबरोबर हवा ओढतो आणि काटा थरथरतो.

तेल न टाकता पातळी वाढत असेल, तर ती आनंदाची गोष्ट नाही. पट्टीचं टोक नाकाशी न्या. मग एक थेंब वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर टाका आणि तासभर ठेवा. चांगल्या तेलाचा डाग काळा असला तरी एकसारखा पसरतो. डिझेल मिसळलेलं असेल तर काळ्या डागाभोवती पिवळट, तेलकट कडं लांबवर सरकत जातं. डिझेल इंजिनात ते फ्युएल पंपाच्या शाफ्टच्या सीलमधून, फीड पंपाच्या फाटलेल्या पडद्यातून किंवा गळक्या इंजेक्टरमधून उतरतं. पेट्रोल गाडीत यांत्रिक फ्युएल पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये जातं. असं तेल कितीही नवं असलं तरी बदला. आणि आधी गळतीचं कारण दुरुस्त करा, नाहीतर नवं तेलही पंधरा दिवसांत तसंच होईल.

तेल चहासारखं दुधाळ दिसतंय आणि रेडिएटरचं पाणीही कमी होतंय, तर हेड गॅस्केट किंवा हेडला तडा. फक्त भरण्याच्या झाकणाखाली थोडी पांढरट मलई आहे आणि पाणी कमी होत नाही, तर हिवाळ्यात गाडी दोन-दोन किलोमीटरच चालल्याने जमलेला ओलावा आहे. एक लांब फेरी मारा, जाईल.

आता ग्रेड. १५डब्ल्यू-४० काढून २०डब्ल्यू-४० टाकलं की गरम प्रेशर वाढेल, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा, नंतरचा आकडा तापलेल्या तेलाचा. दोन्ही तेलं गरम झाल्यावर ४० च्याच वर्गात येतात. फरक हवा असेल तर २०डब्ल्यू-५०. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, रेडिएटर अर्धा तुंबलेला असतो आणि गाडीत माणसं भरलेली असतात. तिथे जुन्या, झिजलेल्या पेट्रोल इंजिनाला किंवा बिनटर्बोच्या डिझेलला २०डब्ल्यू-५० खरंच मदत करतं. डिझेल इंजिन असेल तर डब्यावर डिझेलसाठीचा 'सी' ने सुरू होणारा एपीआय (तेलाच्या दर्जाचा) वर्ग असलाच पाहिजे. आणि रेडिएटर साफ करा: तेल तापायचं थांबलं तर प्रेशर आपोआप वाढतं.

ट्रॅक्टरच्या गिअर आणि हायड्रॉलिकचं तेल इंजिनात ओतू नका. ९० नंबरचं गिअर ऑइल मिसळून काटा वर आणू नका. काटा वर येईल, पण गार इंजिनात ते घट्ट तेल वरच्या रॉकरपर्यंत वेळेत पोचणार नाही. रॉकेल टाकून इंजिन "धुणं" तर बंदच करा. जुना गाळ एकदम सुटतो, जाळीवर जाऊन बसतो, आणि धुवायच्या आधी चालत असलेलं इंजिन धुतल्यानंतर प्रेशर सोडतं.

रिलीफ व्हॉल्व्ह

अॅम्बेसेडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनात हा ब्लॉकच्या बाहेरून खोलता येतो: षटकोनी टोपी, तिच्याखाली तांब्याचा वॉशर, मग स्प्रिंग, आत खेळणारा पिस्टनसारखा तुकडा. बऱ्याच डिझेल इंजिनांत तो पंपात किंवा फिल्टरच्या बैठकीत असतो. टोपी हळू काढा, स्प्रिंग उडते. आतला तुकडा पक्कडीने ओढू नका. गोल लाकडी काडी घट्ट बसवून ओढा.

तो तुकडा उजेडात बोटांत फिरवा. एका बाजूला उभी चमकदार रेघ दिसली, तर तिथे धातूचा कण अडकून तो जाम होत होता. टोकाला, जिथे तो बैठकीवर बसतो, तिथे अखंड गोल खूण हवी. खूण एका जागी तुटलेली असेल, तर तेवढ्या फटीतून तेल सतत चेंबरमध्ये परत जातंय. रेघ नखाला लागत नसेल तर मेटल पॉलिशने साफ करून परत बसवा. तेल लावलेला तुकडा स्वतःच्या वजनाने भोकात सरकला पाहिजे. नखाला लागत असेल तर नवा टाका. स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी उभी करा, बुटकी झाली असेल तर बदला.

स्प्रिंगखाली वॉशर टाकून प्रेशर "वाढवून" देण्याची पद्धत सगळीकडे आहे. त्याने काय होतं ते समजून घ्या. हा व्हॉल्व्ह फक्त वरची मर्यादा ठरवतो. गरम आयडलिंगला प्रेशर पाऊण किलो असताना तो चांगला असेल तर बंदच असतो. त्यावर स्प्रिंग आणखी आवळून आयडलिंग तसूभर वाढत नाही, फक्त सकाळी गार इंजिनात प्रेशर धोक्याच्या वर जातं.

चेंबर उतरवल्यावर

इथपर्यंत सगळं ठीक निघालं आणि प्रेशर तरीही कमी, तर चेंबर खाली घ्यायची वेळ आली. तेल स्वच्छ भांड्यात काढा, फेकू नका. त्यात चुंबक फिरवा. बारीक काळी भुकटी जुन्या इंजिनात सापडतेच. चुंबकाला न चिकटणाऱ्या करड्या चकत्या म्हणजे मेटलचा वरचा थर. तांबूस, लालसर कण दिसले तर वरचा थर संपून खालचं तांबं उघडं पडलंय. तांबूस कण दिसल्यावर गाडी आणखी चालवू नका.

जाळी बघा. गाळाबरोबर तिथे नेहमी सापडणारी गोष्ट म्हणजे सिलिकॉन पेस्टच्या रबरी शेवया. मागच्या वेळी चेंबर बसवताना कोणीतरी पॅकिंगवर ट्यूबच्या ट्यूब दाबलेली असते. जास्तीची पेस्ट आत दबते, तुटते आणि जाळीवर चिकटते. पेस्ट काडीच्या जाडीची एकच रेघ, बोल्टच्या आतल्या बाजूने. सक्शन पाइपचा ओ-रिंग किंवा पॅकिंग नवं टाका आणि पाइपला केसाएवढी चीर नाही ना ते बघा. तिथून हवा ओढली गेली की काटा नाचतो.

पंप उघडून गिअरच्या वर सरळ पट्टी ठेवा आणि फिलर गेजने फट मोजा. साधारण ०.१० मिलिमीटरपर्यंत चालतं, ०.१५ च्या वर असेल तर पंप बदला. झाकणावर गिअरने गोल खड्डा पाडला असेल, तर नवे गिअर टाकूनही फायदा नाही. बसवण्याआधी पंपात तेल भरा. कोरडा पंप तेल ओढत नाही.

एक-दोन बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) आणि मधला मेन (क्रँकचं ब्लॉकमधलं बेअरिंग) खोलून पाहायला फार वेळ लागत नाही, कारण चेंबर खाली आहेच. ५०-६० मिलिमीटरच्या जर्नलला (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) तेलाची फट साधारण ०.०५-०.०६ मिलिमीटर असते. फट दुप्पट झाली की तिथून वाहणारं तेल आठपट होतं. गरम आयडलिंगला पंप कमी पडतो तो म्हणूनच. क्रँक मायक्रोमीटरने मोजायला लावा, दोन दिशांनी. जर्नल अंडाकार झाली असेल तर नुसते नवे मेटल टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. ग्राइंडिंग करून अंडरसाइज (घासून बारीक झालेल्या जर्नलच्या मापाचे) मेटलच लागतील. ग्राइंडिंगहून आलेल्या क्रँकची तेलाची भोकं तारेच्या ब्रशने आणि हवेने साफ केल्याशिवाय बसवू देऊ नका. त्यात राहिलेली भुकटी नव्या मेटलला पहिल्या तासातच खाते. ब्लॉकच्या तेलवाहिन्यांचे जे प्लग धुण्यासाठी काढले, ते मोजून परत लावा. एक आतला प्लग विसरला, की नव्या इंजिनातही प्रेशर येत नाही आणि तो प्लग बाहेरून दिसत नाही.

बांधलेलं इंजिन थेट चालू करायचं नाही. डिझेल असेल तर स्टॉप केबल ओढून धरा, पेट्रोल असेल तर प्लग काढा, आणि दहा-पंधरा सेकंदांच्या हप्त्यांनी सेल्फ मारा, मध्ये मिनिटभर सेल्फला थंड होऊ द्या. हातातल्या मीटरचा काटा उचलला की मगच इंजिन चालू करा. गरम झाल्यावरचे तीनही आकडे तारखेसह लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा.